डॉक्टरांचा डबा

मंगळूर,
१३ डिसेंबर १९९३

प्रिय जोवी,

आज सोमवार. सकाळी विहिरीवरचा पंप बंद पडला, तो दुरुस्त करवून घेतला. दुपारी पेज, लोणचं आणि काल उरलेली भाजी. तीनच्या सुमारास पोस्टमन तुझं पत्र देऊन गेला. वाचलं.

तू, सुधींद्र आणि तारा फेब्रुवारीत मम्मीच्या वर्षाच्या मिस्सेच्या प्रार्थनेला येणार हे वाचून बरं वाटलं. पुढे तू जी अट घातली आहेस ती वाचून चहा केला. "तुम्ही दोघे आजोबा एकदा तरी समोरासमोर बसून बोललात असं कळलं, तरच तिकिटं काढीन. तारा चार वर्षांची आहे, तिला दोन घरांत फणसासारखी फोडून वाटता येणार नाही." हे वाक्य मम्मीचं वाटतं. तिलाही सगळीकडे फणस दिसायचा.

जोवी, माझं सुधींद्रच्या वडिलांशी, त्या गृहस्थांशी, वैर नाही. ते हॉटेल चालवतात, मी बंदराच्या कचेरीत नकाशे काढत होतो. सहा वर्षांपूर्वी तुमचं रजिस्टर लग्न झालं तेव्हा आम्ही दोघांनी वेगवेगळ्या कारणांसाठी एकाच दिवशी घरी बसणं पसंत केलं. आमची ओळख एवढीच. तेवढ्यावर काय बोलायचं, तूच सांग. मम्मीच्या मातीला ते आले होते. कबरस्तानच्या फाटकाबाहेर, बदामाखाली, छत्री मिटून उभे होते. मी पाहिलं. पण त्या दिवशी गर्दी फार होती.

या वर्षी घरात कुस्वार नाही, हे तुला माहीतच आहे. दु:खाच्या घरात वर्षभर तळण चढत नाही, नाताळचं गोडधोड शेजारपाजारचेच आणून देतात. सुरुवात झालीसुद्धा. काल सेव्हरिनबाय तांदळाच्या कुरकुरीत गुळयांचा डबा ठेवून गेली आणि निघताना म्हणाली, "सिप्रियनबाब, रडत रडत खाऊ नका हं, मऊ पडतात."

डब्यावरून आठवलं. मम्मीचा तो मोराचं चित्र असलेला पत्र्याचा डबा कुठे असेल, तुला काही कल्पना? तोच, ज्यात ती दर नाताळला बिनअंड्याचं कुस्वार वेगळं करून डॉक्टर शानभागांकडे पाठवायची. गेल्या वर्षी गेला तो परत आला नाही असं दिसतं. त्या माणसानं इतक्या वर्षांत एकदाही "कुस्वार पोचलं" असा शब्द काढला नाही. मी तोंडावर काही बोललो नाही. फक्त रक्तदाबाच्या गोळ्या दुसऱ्या डॉक्टरकडून घेऊ लागलो.

ताराला पापा.

पप्पा

---

मंगळूर,
२२ डिसेंबर १९९३

प्रिय जोवी,

आज बुधवार. दाढी केली, वीजबिल भरलं, निळा सूट उन्हात टाकला. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. सूट कशासाठी ते सांगतो. आधी एक विनंती. या पत्रातलं सेव्हरिनबायला काही कळवू नकोस.

नाताळच्या जेवणाला मला तिघांनी बोलावलं आहे. पहिली सेव्हरिनबाय. तिला मी म्हणालो, हिलरीनं आधीच बोलावलंय. खरं तर हिलरीनं तोवर बोलावलं नव्हतं. दोन दिवसांनी तो आलाच. "सिप्रू, डुकराचं मटण मी स्वतः करणार आहे, तुला न्यायला स्कूटर पाठवतो." चुलतभाऊ आहे, नाही म्हणणं अवघड. म्हणालो, फादर ग्रेगरींनी आग्रह केलाय. काल मिस्सेनंतर फादरनी खरोखरच आग्रह केला. आता उरलं होतं एकच घर. म्हणालो, सेव्हरिनबायकडे जातोय.

असं कसं झालं ते मलाही समजलं नाही. प्रत्येक वेळी वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर कळलं.

पंचवीस तारखेला मम्मीचा वाढदिवस असतो. ती नाताळची जन्मली म्हणून तिचं नाव नताली ठेवलं, हे सगळ्या वाड्याला पाठ आहे. कोणीतरी पुलाव वाढता वाढता तिचं नाव काढणार, चमचा थांबणार, आणि मग सगळं टेबल माझ्या ताटाकडे पाहणार. ते मला जमणार नाही. त्यापेक्षा कुठेतरी बाहेर बसून चार घास खावेत आणि संध्याकाळी घरी यावं असं ठरवलं आहे. घरात बसून राहता येणार नाही. सेव्हरिनबायच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आपली पडवी दिसते.

म्हणून आज जवळपासची हॉटेलं पाहून आलो. आपल्या लोकांची सगळी बंद राहणार. वळणावरच्या मासळीच्या खानावळीत विचारलं, तर मालकीण म्हणाली, "नाताळला उघडं ठेवलं तर माझा नवरा मला बंद करील." बिर्याणीवाल्याकडे चालू आहे. पण तिथे आपल्या चर्चच्या गायनमंडळातले सगळे बिनलग्नाचे जमतात असं कळलं. आइस्क्रीमवाला चारला उघडतो. स्टँडसमोरचं हॉटेल चालू असेल असं त्यांचा मॅनेजर म्हणाला. तिकडे आपलं कोणी फिरकत नाही. तेच पक्कं केलं आहे.

तुझ्या मनात आत्ता जे हॉटेल आलं ते माझ्याही मनात आलं होतं. नाही.

तिकिटांची घाई करू नकोस. पाच तारखेच्या आत काढावी लागतात हे लक्षात आहे. पण मी खोटं वचन देणार नाही. या आठवड्यात माझं खोटं बोलून झालं आहे.

पप्पा

---

मंगळूर,
२५ डिसेंबर १९९३, संध्याकाळी

प्रिय जोवी,

आज नाताळ. आठच्या मिस्सेला गेलो. मध्यरात्रीच्या मिस्सेला गेलो नाही. नंतर जेवलो. आता घरी आहे, पाय गरम पाण्यात ठेवले आहेत. तपशील खाली देतो, कारण तुला तो उद्यापरवा दुसरीकडून कळेलच, आणि दुसरीकडून कळलेला जास्त विनोदी असेल.

मिस्सा संपली. गोठ्याच्या देखाव्यापाशी मेणबत्ती लावून वळलो, तर खांबाशी सेव्हरिनबाय, हिलरी आणि फादर ग्रेगरी तिघे एकत्र उभे. सेव्हरिनबाय बोटांवर मोजून काहीतरी सांगत होती. हिलरी मान हलवून नाही म्हणत होता. मग फादरनी हात वर केला, आशीर्वादाला करतात तसाच, पण आशीर्वाद नव्हता तो. "थांबा, थांबा" असं होतं. आणि तिघांनीही एकदम चर्चभर नजर फिरवली.

मी बाजूच्या दारानं बाहेर पडलो.

कबरस्तानात मम्मीपाशी बसलो. तिथे कोणी बसलं तर लोक हाक मारत नाहीत. ऊन चढलं तसा उठून स्टँडसमोरच्या हॉटेलाकडे गेलो. त्याला कुलूप. दारावर खडूनं लिहिलं होतं, "मालकांच्या भाचीच्या लग्नामुळे बंद." मॅनेजरला बुधवारी हे माहीत नव्हतं की काय! बिर्याणीवाल्याच्या काचेतून गायनमंडळाचे सगळे जाड आवाजवाले एका रांगेत बसलेले दिसले. त्यांनी हात हलवले. मीही हलवला आणि पुढे कोणीतरी वाट पाहतंय अशा चालीनं निघालो. सूट अंगाला चिकटला होता. डांबराच्या गोळ्यांचा वास आता रस्त्यालाही येत असावा, एक कुत्रं शिंकलं.

कदरीच्या रस्त्याला लागलो ते सावलीसाठी. त्या बाजूला झाडं आहेत. श्री वादिराज भवनसमोर थांबलो तेही सावलीसाठी. दार उघडं होतं, आत पंखा फिरत होता. मी आत गेलो आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलो.

गल्ल्यावर तुझे सासरे हेब्बार स्वतः होते. कपाळाला गंध, समोर वर्तमानपत्राची रद्दी. पार्सलाला लागणारे चौकोन फाडत होते. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढचा कागद सरळ न फाटता वाकडा फाटला.

"शंभू," ते कागदाकडे पाहत म्हणाले, "त्यांना विचार, जेवण की टिफिन?"

शंभू म्हणजे त्यांचा वाढपी, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच लहान असेल. तो माझ्याकडे वळला. "जेवण की टिफिन?"

"जेवण."

"जेवण म्हणतात, धनी."

"ऐकलं. त्यांना सांग, आज होळिगे आहे."

होळिगे म्हणजे पुरणाची पोळी. मम्मीला फार आवडायची. शंभूनं पान मांडलं, पाणी शिंपडलं. "होळिगे आहे."

"चालेल म्हणून सांग."

"त्यांना विचार, तूप की नारळाचं दूध?"

"त्यांना सांग, दूध."

शंभू मधोमध उभा राहिला. "धनी, हे तुमच्यापासून चार हातांवर बसलेत. तुम्हांला त्यांचं ऐकू येतं, त्यांना तुमचं ऐकू येतं. मी मधे टेलिफोन आहे काय? आणि पोर्बूसाहेब, तुम्हीसुद्धा! मी भात वाढू की निरोप वाढू?"

त्यानं भात वाढला. सांबार आलं, भाजी आली, होळिगे आली. आजूबाजूला दोन रिक्षावाले आणि एक औषधविक्रेता जेवत होते. निळा सूट घातलेला ख्रिस्ती माणूस नाताळच्या दिवशी दुधी भोपळ्याची भाजी खातोय, हे ते जेवण थांबवून बघत होते.

थोड्या वेळानं पुन्हा गल्ल्यावरून आवाज आला. "शंभू, त्यांना विचार, मुलीचं पत्र येतं का?"

शंभूनं नुसती मान माझ्याकडे वळवली.

"त्यांना सांग, तेरा तारखेला आलं."

"त्यांना सांग, आमच्याकडेही त्याच दिवशी आलं. सून पहिल्यांदाच मला वेगळं लिहिते, म्हणून मी चष्मा पुसून वाचलं." पुढचा चौकोन फाडून, "त्यात फणस होता का, विचार."

"होता," मी म्हणालो.

"आमच्यातही होता."

जोवी, तू एकच पत्र दोनदा लिहिलंस हे मला तिथे कळलं. तू आम्हांला तसं कळवायला हवं होतंस असं मी म्हणत नाही. पण कार्बन लावला असतास तर कष्ट वाचले असते.

मी होळिगेचा दुसरा तुकडा दुधात बुडवला, तेवढ्यात समोरून रस्ता ओलांडताना हिलरी दिसला. हातात स्टीलची बरणी. मी खाली वाकलो आणि बुटाची नाडी बांधू लागलो. माझ्या बुटांना नाडी नाही, हे खाली गेल्यावर लक्षात आलं.

वर पाहिलं तर हेब्बार गल्ला सोडून माझ्या टेबलापाशी उभे होते. शंभूकडे न पाहता, थेट मला म्हणाले, "उठा. आत चला."

सहा वर्षांतले हे त्यांचे माझ्याशी पहिले शब्द.

आत म्हणजे स्वयंपाकघरात. उंबऱ्याच्या आत पाय टाकला आणि बाईचा आवाज आला, "बूट! बूट!" बूट काढले. उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. मी तो पाय डाव्यामागे घेऊन उभा राहिलो. समोर पाटावर वारिजाक्षीबाई, तुझ्या सासूबाई, बसल्या होत्या. एका हातात कोरा कंगवा, दुसऱ्या हातात मैद्याची गोळी. कंगव्यावर गोळी दाबून गुंडाळायची, की अंगाला रेघा उठतात आणि अळीसारखी दिसते. जोवी, त्या किडयो करत होत्या. आपल्या नाताळच्या किडयो. शेजारच्या कढईत पहिला घाणा तळला जात होता आणि त्याच्या बाजूला झाकण काढून ठेवलेला मोराचा डबा.

त्या चोरी पकडल्यासारख्या लाल झाल्या. "संध्याकाळी पाठवणार होते. तुम्हीच आधी आलात. दु:खाच्या घरी बाहेरून यावं लागतं ना? नतालीबाई म्हणायच्या."

"हा डबा," मी म्हणालो, "डॉक्टर शानभागांचा."

"शानभागांचा कसा? त्यांचाच. दर नाताळला घेऊन यायच्या, बिनअंड्याचं. आता तुम्ही जिथे बसायचं तिथेच बसायच्या," त्यांनी दुसरा पाट पुढे सरकवला, "कॉफी घ्यायच्या आणि माझ्या सांबाराला नावं ठेवायच्या. चपला बाहेर काढून, हं."

मी पाटावर बसलो. डॉक्टर शानभागांबद्दल सहा वर्षं मी जे जे मनात आणलं ते एकेक करून परत घ्यायला वेळ लागला.

बाहेर हिलरीचा आवाज. तुला त्याचा आवाज माहीत आहे.

"हेब्बारमाम, दही आहे का? दोन लिटर. पुलाव तयार, कोशिंबिरीला दही नाही, दुनिया बंद आहे."

"आहे."

"आणि आमचा सिप्रियन दिसला का तुम्हांला? निळा सूट. मला म्हणाला फादरकडे जेवतो. फादरना म्हणाला सेव्हरिनबायकडे. तिला म्हणाला माझ्याकडे. आता ते दोघेही माझ्या पडवीत बसून एकमेकांची तोंडं बघताहेत. सेव्हरिनबाय तर त्याच्या विहिरीत डोकावून आली. अहो, बायको जाऊन वर्ष झालं नाही, आज तिचा वाढदिवस, हा कुठे उपाशी फिरतोय कोण जाणे."

वारिजाक्षीबाईंनी गॅस बारीक केला. कढईतल्या किडयांचा आवाज कमी झाला आणि मला बाहेर दह्यात डाव फिरल्याचंसुद्धा ऐकू आलं. मी मनात म्हटलं, यांनी आता "नाही पाहिलं" म्हणावं. मग मनात म्हटलं, हा माणूस सकाळी गंध लावून गल्ल्यावर बसतो, याला खोटं बोलायला लावणारा मी कोण? या आठवड्यात मी बोललो तेवढं पुरे नाही का?

मग त्यांचा आवाज आला. मोठा नव्हता.

"माझे व्याही माझ्याकडे जेवताहेत."

"कोण?"

"व्याही."

"कोणाचे?"

"हिलरी, तुम्हांला नातं कळत नाही की ऐकू येत नाही? सुनेचे वडील. सिप्रियन. आत आहेत. पान वाढलंय, होळिगे निवतेय. बरणी धरा नीट, दही सांडतंय."

"पण तुम्ही दोघे तर..."

"नाताळच्या शुभेच्छा," हेब्बार म्हणाले. हिलरी गेला. जाताना तो धावला असावा. शंभू नंतर म्हणाला की दही रस्त्यावर तीन ठिकाणी सांडलं होतं.

मी तुला इतक्या पत्रांत "ते गृहस्थ" म्हणून लिहीत आलो. 'व्याही' हा शब्द मला कधी लिहायचा सुचला नाही. त्यांना बोलायचा सुचला, तोही हिलरीसमोर, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या मंगळुराला कळणार हे माहीत असून.

मी बाहेर येऊन पुन्हा पानावर बसलो. त्यांनी समोर स्वतःचं पान मांडून घेतलं. औषधविक्रेता गेला होता, रिक्षावाले मुद्दाम रेंगाळत होते. बराच वेळ आम्ही जेवलो. मग ते म्हणाले, "सांबारात गूळ जास्त झालाय का?"

"झालाय."

"तुमच्या मिसेसही तेच म्हणायच्या."

शंभू होळिगे घेऊन आला आणि माझ्या पानावर आणखी एक टाकत म्हणाला, "घ्या, घ्या. पंचवीस तारखेला इथे दर वर्षी होळिगे असते. सुट्टीबिट्टी काही नाही, हॉटेलवाल्याला कसली सुट्टी? त्या बाईंचा वाढदिवस म्हणून आमच्या धनीण करतात. त्यांच्या घरी एक डबा जायचा, दोन पोळ्या इथे बसून..." मग त्याला कळलं आणि तो थांबला. वाढायचा हात तसाच हवेत.

मी या क्षणाला घाबरून तीन घरं चुकवली होती. इथे तो माझ्या पानावरच येऊन पडला. मी मान खाली घातली. थोड्या वेळानं वर पाहिलं. कोणीही माझ्या पानाकडे पाहत नव्हतं. हेब्बार स्वतःच्या पानाकडे पाहत होते आणि त्यांच्या पानातला भात मिठासकट सगळा एकाच जागी गोळा झाला होता. तो काही ते खात नव्हते.

"दूध वाढ त्यांना," मी शंभूला म्हणालो. "आणि मलाही."

जेवणाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. मी फार आग्रह केला नाही. निघताना ते दारापर्यंत आले. "फाटकाशी उभा होतो फेब्रुवारीत," ते म्हणाले. "आत यायचं की नाही, तुमच्यात कसं असतं, मला माहीत नव्हतं."

मी म्हणालो, "आत यायचं असतं."

एवढंच. आता पाणी निवलं आहे, पाय पुसतो.

पप्पा

---

मंगळूर,
२७ डिसेंबर १९९३

प्रिय जोवी,

आज सोमवार. सकाळी डॉक्टर शानभागांकडे जाऊन आलो. रक्तदाब पाहून त्यांनी विचारलं, इतकी वर्षं आला नाहीत, काही राग होता का? म्हणालो, कामात होतो. निवृत्त झाल्यापासून मी कोणत्या कामात होतो हे त्यांनी विचारलं नाही. सज्जन माणूस आहे.

सेव्हरिनबाय दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आज सकाळी कुंपणापलीकडून बोलली. "सिप्रियनबाब, तुमच्यासाठी मी विहिरीत वाकले. माझा चष्मा पडला असता म्हणजे?" फादरनी मला तीन खोट्यांबद्दल काय प्रायश्चित्त दिलं ते सांगणार नाही. ते फार हसत होते, त्यामुळे नीट ऐकूही आलं नाही. हिलरीनं उरलेलं डुकराचं मटण आणून दिलं आणि एक शब्द न बोलता गेला. हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं असावं.

मुख्य गोष्ट. काल संध्याकाळी व्याही घरी आले. स्वतः, धुतलेला शर्ट घालून, मोराचा डबा हातात. बरोबर शंभू. पडवीत बसले, कॉफी घेतली. माझी कॉफी पातळ असते, ते काही बोलले नाहीत. मग तुमच्या येण्याचा विषय निघाला. ते म्हणाले, ताराची पहिली रात्र त्यांच्याकडे, कारण आजीनं पाळण्याला, म्हणजे आता खाटेला, नवी दोरी भरून घेतली आहे. मी म्हणालो, स्टेशनवरून माझं घर आधी लागतं, प्रवासातून आलेलं पोर दमलेलं असतं. ते म्हणाले, रिक्षा दोन्ही रस्त्यांनी जाते. मी म्हणालो, माझ्या घरी मिस्सा आहे. ते म्हणाले, मिस्सा चौथ्या दिवशी आहे, पहिल्या रात्रीशी तिचा संबंध काय? यानंतर आमचे आवाज थोडे चढले, आणि दोघांनीही एकदम शंभूकडे वळून "त्यांना सांग" असं म्हटलं. शंभू उठून अंगणात विडी ओढायला गेला.

मिटलं नाही. म्हणजे आम्ही समोरासमोर बसून बोललो, ही तुझी अट पूर्ण झाली, आणि भांडलोही, जे तुझ्या अटीत नव्हतं. तिकिटं काढ. पहिली रात्र कुठे ते तू ठरव, पण मला आधी कळव, त्यांना नंतर.

आता कुस्वाराविषयी. ते गेल्यावर मी डबा उघडला. किडयो दिसायला अगदी मम्मीच्या. एक तोंडात टाकली. जोवी, त्यात हिंग आहे. आधी वाटलं तळणाच्या तेलाचा वास असेल. दुसरी खाल्ली. हिंगच. वारिजाक्षीबाईंना कोणी सांगितलं नसेल की यात हिंग घालत नाहीत. आणि इतक्या वर्षांच्या उडुपी स्वयंपाकात एखादी गोष्ट हिंगाशिवाय तळायची असते असं त्यांच्या मनातही आलं नसेल. सेव्हरिनबायला एक चाखायला दिली. ती म्हणाली, "हे कुस्वार नव्हे, हे पोटदुखीचं औषध." पण मग तिनं आणखी दोन घेतल्या. मी सांगणार नाही त्यांना. तूही सांगू नकोस. फेब्रुवारीत तुला आणि सुधींद्रला त्यातल्याच खाव्या लागतील, पुरवून ठेवतो.

दुपारच्या कॉफीबरोबर उरलेल्यांतल्या चार खाल्ल्या. बाकीच्या बरणीत काढल्या. डबा धुतला, पुसला, मोराच्या बाजूनं उन्हात उपडा ठेवला. डबा आपलाच आहे, पण आता व्याह्यांकडे जायची पाळी त्याची आहे, आणि रिकामा पाठवता येत नाही. कुस्वार भरावं तर या घरात अजून तळण नाही. साखर भरावी तर त्यांच्याकडे पोत्यानं येते. मम्मी असती तर तिला लगेच सुचलं असतं. मला अर्धा तास लागला.

मग मागच्या अंगणात गेलो. मम्मीनं लावलेलं बिंबलीचं झाड यंदा खोडापासून लगडलं आहे. बिंबल्या, ती हिरवी फळं, आंबट असतात, त्यांच्या त्या गूळभरल्या सांबाराला बऱ्या. हाताला येत होत्या तेवढ्या तोडल्या, देठं काढून फडक्यानं एकेक पुसली आणि डब्यात रचली. झाकण बसेना. वरच्या दोन काढून खिशात टाकल्या आणि पुन्हा झाकण दाबलं. बसलं.

पप्पा